आजीच्या पुतळीचे कोटी होत नाहीत

“आजीच्या पुतळीवर येशू दिसतोय? मग ती ७०० वर्षांपूर्वीची व्हेनिसची मोहर! एकीचे एक कोटी. घासून फोटो पाठवा आणि रिझर्व्ह बँकेची नोंदणी फी भरा.” अशा आशयाचा निरोप घरोघरी फिरतो. त्यातली एक गोष्ट खरी आहे आणि तिच्याच जोरावर बाकीचं खपतं.

खरी गोष्ट अशी की व्हेनिसचं डुकाट हे सोन्याचं नाणं मसाल्याच्या व्यापारातून आपल्या किनाऱ्यावर आलं. त्यावर माणसांच्या आकृत्या होत्या म्हणून लोक त्याला पुतळी म्हणू लागले आणि बायकांनी ते गळ्यात घातलं.

पण येशू दिसला की ७०० वर्षं, हे चूक. डुकाट १२८४ साली दोजे, म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख, जोव्हान्नी दांदोलोच्या काळात सुरू झालं आणि १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडेपर्यंत जवळपास त्याच छापाचं निघत राहिलं. त्यावर साल नसतं. भिंग घ्या. एका बाजूला ताऱ्यांमध्ये येशू, दुसरीकडे गुडघे टेकलेल्या दोजेला झेंडा देणारा संत मार्क. झेंड्याच्या काठीलगत एकाखाली एक डी, व्ही, एक्स ही अक्षरं आणि कडेला दोजेचं नाव. काळ ठरतो तो या नावावरून. लुदोव्हिको मानिन असेल तर नाणं मध्ययुगीन नाही, अठराव्या शतकाच्या अखेरचं आहे.

नावाच्या जागी नुसत्या उभ्या रेघा असतील तर ती बहुधा नक्कल. डुकाटवर लोकांचा एवढा विश्वास होता की पूर्वेकडे आणि भारतातही त्याच्या नकला पाडल्या गेल्या. पाडणाऱ्याला अक्षरं वाचता येत नव्हती, तो आकार गिरवत गेला. मला या नकला फार मोलाच्या वाटतात, पण त्या व्हेनिसच्या नव्हेत. आणि लक्ष्मीची पुतळी तर सरळ आपल्या सराफाची.

कोटींचं म्हणाल, तर डुकाटमध्ये जेमतेम साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं असतं. मिकेले स्तेनो किंवा फ्रान्चेस्को फोस्करी या दोजेंची डुकाटं लिलावात नेहमी येतात. त्यांना सोन्याहून जास्त भाव मिळतो, पण कोटीच्या आसपासही नाही. मारिनो फालिएरोचं डुकाट दुर्मीळ, कारण तो काही महिनेच दोजे होता. १३५५ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. तरी माळेतल्या नाण्याला कडी डाखलेली असते किंवा भोक असतं, आणि संग्राहक तेवढ्यानेच भाव पाडतो.

घासू तर मुळीच नका. मऊ सोन्यावरची बारीक अक्षरं आधी जातात, आणि ओळख पटायची ती त्यांच्यावरूनच. कडीही काढू नका.

फीबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केलंय: जुन्या नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही, त्यासाठी फी किंवा कमिशन घेत नाही, कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. शिवाय शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते परदेशी गिऱ्हाइकाला परस्पर पाठवणं गुन्हा आहे.