‘जमीन पाहिजे, कर्ज नको’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

वडील गेल्यावर त्यांच्या कर्जाचं काय होतं, या माझ्या लेखावर एक प्रतिक्रिया आली आहे. मी काही गाळलं असं कोणाला वाटायला नको, म्हणून ती आधी जशीच्या तशी देते.

“ताई, घरी बसून कायदे शिकवणं सोपं असतं. बापाची जमीन पाहिजे पण बापाचं कर्ज नको, अशी पळवाट तुम्ही पोरांना शिकवताय. सातबाऱ्यावर बोजा असेल तर काय, जामीनदाराचं काय, बहिणींनी हक्कसोड दिलं असेल तर काय, याचा कुठे पत्ता नाही. सनद नसताना सल्ले देऊ नयेत.”

महोदय, तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून महोदयच म्हणते. मुद्दा न पटणारे वाचक मला रोज भेटतात आणि त्यांना उत्तर द्यायला मला आवडतं. मला लागलं ते तुमचं पहिलं वाक्य. ‘घरी बसून.’ हाच लेख काळ्या कोटातल्या एखाद्या गृहस्थांनी लिहिला असता, तर तुम्ही ‘सर, एक शंका होती’ अशी सुरुवात केली असती. बाई लिहिते म्हटल्यावर ती घरीच बसलेली असणार, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? माझी सगळी नोकरी दिवाणी वकिलांच्या ऑफिसात गेली. तारखा डायरीत चढवणं, वकीलपत्रावर पक्षकारांच्या सह्या घेणं, नकलांसाठी कोर्टात खेटे घालणं, आणि टायपिंग. ‘मयत प्रतिवादीचे वारस दाव्यात सामील करून घ्यावेत’ हा अर्ज तर मी डोळे मिटून टाईप करू शकते. त्या अर्जात ज्यांची नावं जातात ती माणसं टेबलासमोर बसून काय विचारतात, ते मी ऐकलेलं आहे. तुम्ही ऐकलंय का?

आता तुमचं दुसरं वाक्य. बापाची जमीन पाहिजे, कर्ज नको. असं मी कुठे लिहिलं, ते दाखवा. मी लिहिलं होतं की वारसाच्या हाती मयताची जेवढी मालमत्ता आली, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५० हेच सांगतं. वडिलांचं देणं १२ लाख आणि मागे ठेवलेलं सगळं मिळून ४ लाखांचं, तर सावकार असो की बँक, ४ लाखांपर्यंतच हात घालता येतो. उरलेल्या ८ लाखांसाठी मुलाच्या पगाराला किंवा त्याने स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या घराला हात लावता येत नाही. आणि मागे २० लाखांची जमीन असेल, तर १२ च्या १२ लाख तिच्यातून वसूल होऊ शकतात. म्हणजे जमीन घेतली की तेवढं कर्ज आलंच. तुम्ही माझ्या तोंडी घातलंत ते याच्या बरोबर उलटं.

बरं, एवढ्यावर कायदा थांबत नाही. मिळालेल्या मालमत्तेचं काय केलं, हे वारसाला कोर्टाला पटवून देता आलं नाही, तर कलम ५२ प्रमाणे तेवढ्या रकमेपुरती दरखास्त, म्हणजे निकालाप्रमाणे वसुलीची कारवाई, त्याच्या स्वतःच्या मालमत्तेवरही चालू शकते. वडिलांचा ट्रॅक्टर गुपचूप विकला आणि नंतर ‘मला काहीच मिळालं नाही’ म्हणून हात वर केले, तर ते चालत नाही. म्हणूनच मी वाचकांना सांगितलं होतं की वडिलांच्या मागे काय काय निघालं याची यादी करा, कशातून कोणाचं देणं दिलं ते लिहून ठेवा आणि पावत्या जपा. पळवाट शिकवणारी बाई पावत्या जपायला सांगते का?

‘बापाचं कर्ज मुलानेच फेडायचं, ही रीत आहे’ हा सूर तुमच्या वाक्यामागे आहे. त्या रितीचा इतिहासही सांगते. मुंबई इलाख्यात एके काळी बापाकडून एक पै मिळाली नसली तरी त्याच्या कर्जासाठी मुलाला धरलं जायचं. ते थांबवायला १८६६ साली खास कायदा करावा लागला. मिळालेल्या मालमत्तेपलीकडे मुला-नातवांवर बोजा नाही, असं त्यात ठरलं. विधवेशी लग्न करणाऱ्याच्या गळ्यात तिच्या पहिल्या नवऱ्याचं कर्ज पडू नये, हेही त्याच कायद्यात आलं. त्यानंतरही एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला मुलाचा हिस्सा बापाच्या कर्जात ओढता येत होता, कारण पितृऋण फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य मानलं जायचं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून तेही बंद केलं. त्या तारखेनंतर घेतलेल्या कर्जासाठी, केवळ मुलगा, नातू किंवा पणतू आहे एवढ्याच कारणावरून वसुलीचा हक्क कोर्ट मानत नाही. त्याआधीच्या कर्जांना जुना नियम लागू राहिला. यात मी पदरचं काही घातलेलं नाही. १८६६ साली मी लेख लिहीत नव्हते.

कोणाला वडिलांचा शब्द राखायचा असेल, त्याने जरूर फेडावं. मला त्या माणसाबद्दल आदरच वाटेल. पण आपण काय देणं लागतो आणि काय नाही, हे कळल्यावर स्वखुशीने देणं वेगळं, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाच्या आवाजाला घाबरून देणं वेगळं.

ते दुसरं काय असतं, ते मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिलंय. वडील गेले आणि सुतक फिटायच्या आत एका पतसंस्थेचा वसुलीवाला घरी आला. बाबांनी तिथून विनातारण कर्ज घेतलं होतं. आईची त्यावर कुठेही सही नव्हती, ना सहकर्जदार म्हणून, ना जामीनदार म्हणून. तो माणूस अगदी गोड बोलला. कागद त्याने असे दुमडून धरले होते की फुल्या मारलेली सहीची जागा तेवढी दिसावी. ‘वहिनी, वारस म्हणून फक्त माहितीसाठी सही हवी, नाहीतर वर एकशे एकचा दाखला निघेल, मग जप्ती.’ एकशे एकचा दाखला म्हणजे सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुलीचा दाखला. जप्ती हा शब्द ऐकून आईने पदराने चष्मा पुसला आणि जिथे जिथे फुली होती तिथे सही केली. नंतर मी ते कागद पाहिले. बाबांचं खातं बंद करून तेवढ्याच रकमेचं, व्याजासकट, नवं कर्जखातं आईच्या नावावर उघडलं होतं. जे कर्ज बाबांच्या मागे उरलेल्यातूनच वसूल करता आलं असतं, ते त्या सह्यांनी तिचं स्वतःचं झालं. पुढे तिने ते फेडलं, महिन्याच्या महिन्याला, आपल्या कुटुंब निवृत्तीवेतनातून. ते निवृत्तीवेतन तर बाबांच्या मालमत्तेत धरतच नाहीत, ते पत्नीचं स्वतःचं असतं. बाबांचा एकही धनको त्याला हात लावू शकला नसता. हे तिला सांगायला त्या दिवशी घरात कोणी नव्हतं.

म्हणून मी लिहिते, महोदय. पळवाटा शिकवायला नव्हे. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे नामनिर्देशित व्यक्तीच्या हाती येतात ते मयताच्या कर्जातून मोकळे होऊन येतात, हे भविष्य निर्वाह निधीच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली नवऱ्याने बायको-मुलांसाठी विमा उतरवला असेल, तर ती रक्कमही त्याच्या धनकोंना मिळत नाही. बँकेच्या वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने बजावलेलं आहे. हे ज्या घराला माहीत असतं, त्या घरात दुमडलेल्या कागदावर सही होत नाही. त्या कागदाचा फोटो आधी मुलीला पाठवला जातो.

आता बाकीचं. बोजाबद्दल एक गोष्ट मान्य करते. ज्या जमिनीवर किंवा घरावर तारण म्हणून कर्ज आहे, तिथे तो बोजा मालमत्तेबरोबरच चालतो, वारस कोणीही असो. हे वाक्य माझ्या लेखात आहे, पण खाली, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे. ते वर घ्यायला हवं होतं, आणि घेते. ‘याचा कुठे पत्ता नाही’ हे मात्र खरं नाही. जामीनदाराचा विषय लेखाचा नव्हता. कर्जदार गेला म्हणून जामीनदार सुटत नाही, एवढं इथे पुरे. बहिणींच्या हक्कसोडीचा त्या लेखाशी काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही. मुलगीही जन्मानेच सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलासारखीच हिस्सेदार, असते आणि त्यासाठी २००५ साली बाप हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितलेलं आहे. तुम्हाला बहिणीकडून सही घ्यायची असेल, तर आधी तिला हे वाचायला द्या.

राहिली सनद. ती माझ्याकडे नाही आणि असल्याचा आव मी कधी आणलेला नाही. कोर्टात उभं राहायला सनद लागते. मी कोणाचं वकीलपत्र घेत नाही, कोणाकडून पैसे घेत नाही, आणि हातात नोटीस असेल तर वकिलाकडे जा असं प्रत्येक लेखात सांगते. वकिलाची फी परवडत नाही म्हणणाऱ्या बायकांसाठी तर मी त्या लेखाच्या अगदी शेवटी लिहिलं होतं की जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो आणि तिच्या उत्पन्नाची अट नसते. तुम्ही तिथपर्यंत वाचलं असतंत, तर सनदेचं वाक्य लिहिलं नसतंत.