लीड तेवढंच, मग तीन जागा आल्या कुठून?

कटिंग यायच्या आत बंड्याने मोबाईल पुढे केला. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याचा 2024चा निकाल: प्रतिनिधीगृहाच्या, म्हणजे तिथल्या लोकसभेच्या, 14 जागा, रिपब्लिकन 10, डेमोक्रॅट 4. त्याच दिवशी त्याच राज्यात ट्रम्प यांना 50.9 टक्के मतं आणि हॅरिस यांना 47.7.

"राज्य जवळपास निम्मं-निम्मं, आणि जागा दहा-चार! मतदारसंघांचा नकाशा फिरवून घातलेला सरळ दरोडा आहे हा."

"जरा दमाने," वकील म्हणाला. "आपल्याकडे 2024च्या लोकसभेला मविआ आणि महायुती, दोघांनाही 43-44 टक्के मतं पडली. जागा 30 आणि 17. इथे कुणी नकाशा फिरवला होता? मतदारसंघ 2008पासून तेच आहेत. आपल्या पद्धतीत थोडंसं लीड नीट पसरलेलं असलं की जागा धो धो येतात. टक्के आणि जागा शेजारी ठेवून चोरी सिद्ध होत नाही."

मास्तरांनी मान डोलावली. ते सहसा वकिलाच्या बाजूने बोलत नाहीत, पण आकड्यांत ढिलाई त्यांना खपत नाही. "आणि बंड्या, चौदा मतदारसंघांतली पक्षांची मतं जोडून बसू नकोस. 2024ला तिसऱ्या आणि सहाव्या मतदारसंघात डेमोक्रॅटांचा उमेदवारच नव्हता. त्या बेरजेत त्यांची मतं आपोआप कमी दिसणार. ज्या पदासाठी अख्खं राज्य मतदान करतं ते धर: अध्यक्ष, सिनेटर. राज्याचं निवडणूक मंडळ बूथनिहाय आकडे देतं. ते हव्या त्या नकाशावर टाकायचे आणि कोण कुठे पुढे राहतो ते बघायचं."

"बघितलं, मग?"

"मग हे बघ. 2022ला सिनेटच्या जागेवर रिपब्लिकन बड 3.2 टक्क्यांनी जिंकले. त्या वर्षी प्रतिनिधीगृहात 7-7. 2024ला ट्रम्प जिंकले, तेही 3.2 टक्क्यांनी. जागा 10-4. लीड तेवढंच, जागांची संख्या तेवढीच. मधल्या काळात बदलला तो नकाशा. 2022चा कोर्टाने आखून घेतलेला, 2024चा रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने."

वकील इतक्यात ऐकणारा नाही. "विद्यमान खासदाराचं वजन असतं, उमेदवार असतो, पैसा असतो. आणि कोर्टाचा नकाशा हेच माप, हे कुणी ठरवलं?"

"कुणीच नाही. म्हणून आतले आकडे बघायचे." मास्तरांनी खिशातला खडू काढून कट्ट्याच्या फरशीवर चार चौकोन मारले. "प्रत्येकात 100 मतदार. दोन्ही पक्षांची एकूण मतं 200-200. पहिल्यात ब पक्षाचे 80 कोंबायचे, अ चे 20. उरलेल्या तिन्हींत अ 60, ब 40. निकाल तीन-एक, अ च्या बाजूने. आता वाया किती गेली? जिंकायला 51 पुरतात. ब ची पहिल्यात 29 जास्तीची आणि तीन ठिकाणी हरलेली 120, मिळून 149. अ ची 20 आणि 9 त्रिक 27, म्हणजे 47. मतं सारखी, वाया जाणारी तिप्पट."

"यात कौशल्य 60चं आहे," ते पुढे म्हणाले. "52 ठेवलेस तर जरा उलटं वारं आलं की तिन्ही जागा जातात. 75 ठेवलेस तर तुझीच मतं फुकट. आता 2016चा निकाल घे, तेव्हा जागा तेरा होत्या. डेमोक्रॅटांनी तीनच जागा जिंकल्या, पहिली, चौथी आणि बारावी, तिन्ही 67 ते 69 टक्क्यांनी. रिपब्लिकनांनी दहा, त्यातल्या नऊ 56 ते 64च्या पट्ट्यात. नकाशा आखणाऱ्या समितीतल्या आमदाराने आधीच सांगितलं होतं की दहा-तीन करतोय, कारण अकरा-दोन जमेलसं वाटत नाही."

वकील हसला. "निदान खरं बोलला."

त्याच राज्यातल्या ग्रीन्सबरो शहराचं उदाहरण तर नकाशा न बघताही कळतं. तिथलं नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी हे कृष्णवर्णीयांचं मोठं ऐतिहासिक विद्यापीठ. 2016च्या नकाशात हद्द कॅम्पसमधून, लॉरेल स्ट्रीटवरून नेली होती. रस्त्याच्या एका बाजूचं वसतिगृह सहाव्या मतदारसंघात, दुसऱ्या बाजूचं तेराव्यात. हजारो विद्यार्थ्यांची मतं दोन्हीकडे पातळ, आणि दोन्ही जागा रिपब्लिकन.

अण्णा इतका वेळ गप्प होते. "लोकसंख्या सारखी ठेवावी लागत नाही का?"

"लागते, अण्णा. आपल्यापेक्षा कितीतरी काटेकोर. 2020च्या जनगणनेत 1,04,39,388 माणसं, भागिले 14, म्हणजे मतदारसंघाला 7,45,670 किंवा 7,45,671. तेवढं जुळवूनही हवा तो निकाल काढता येतो. हद्द कुठल्या रस्त्याने न्यायची हे हातात असतं ना!"

"आणि कोर्ट?"

इथे वकील खुलला. "2019ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5-4 ने सांगितलं, पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या नकाशात केंद्रीय कोर्टं पडणार नाहीत. खटला याच राज्याचा. मग 2022ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नकाशा रद्द केला. पण तिथे न्यायमूर्तीही निवडून येतात. नोव्हेंबर 2022ला बहुमत फिरलं, 5-2 रिपब्लिकन, आणि एप्रिल 2023ला त्याच कोर्टाने आपलाच निकाल उलटवला. गव्हर्नरला या नकाशांवर नकाराधिकारच नाही."

"न्यायाधीश निवडणुकीला उभे?" अण्णांचा चहा थांबला.

बंड्याला मात्र दरोडा सोडवत नव्हता. "मग नववा मतदारसंघ? 2018चा?"

"तो खरा दरोडा, पण वेगळ्या जातीचा," मास्तर म्हणाले. "नकाशाची चोरी कायद्याच्या आत राहून होते. तिथे टपाली मतपत्रिकाच पळवल्या होत्या. फरक 905 मतांचा. नियम असा की मतपत्रिका मतदाराने किंवा जवळच्या नातेवाइकानेच परत द्यायची, सोबत साक्षीदारांच्या सह्या. एका भाडोत्री कार्यकर्त्याच्या टोळीने घरोघरी जाऊन त्या गोळा केल्या. ब्लेडन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) टपालाने आलेल्या मतपत्रिकांत नोंदणीकृत रिपब्लिकनांच्या 19 टक्के, आणि मतं मात्र हॅरिस नावाच्या रिपब्लिकन उमेदवाराला 61 टक्के. तिथे मतदार पक्षाची नोंद करतो आणि यादी खुली असते, म्हणून हे दिसलं. मंडळाने निकाल प्रमाणित केलाच नाही, सप्टेंबर 2019ला पुन्हा मतदान घेतलं."

"आणि जिंकलं कोण?"

"रिपब्लिकनच. उमेदवार दुसरा, फरक दोन टक्क्यांचा."

वकिलाने टाळी मागितली. मास्तरांनी दिली नाही. "ऑक्टोबर 2025चा नकाशा बघ मग. 2024ला पहिला मतदारसंघ डेमोक्रॅटांनी दोन टक्क्यांच्या आत राखला होता. आता त्यातल्या काही काउंटी तिसऱ्यात टाकल्या, तिसऱ्यातल्या पहिल्यात आणल्या. एवढीच अदलाबदल."

"म्हणजे अकरा-तीन?"

"तोच बेत. नोव्हेंबर 2026ला टक्का मोजायचा तो त्या पहिल्यातच," म्हणत मास्तरांनी खडू खिशात टाकला. बंड्या फरशीवरच्या पहिल्या चौकोनातले ऐंशी पुसून साठ करून बघत होता.