'व्हेंजन्स'मधला ऑपेरा शोभेचा नाही

ब्रूस लीची जयंती किंवा पुण्यतिथी आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. सारांश असा: हाँगकाँगचा मारधाडपट ब्रूस लीने सुरू केला, त्याआधी पडद्यावर चिनी ऑपेरातल्या नटांचा लुटुपुटूचा नाच चालायचा, आणि १९७० सालच्या 'व्हेंजन्स' या हाँगकाँगच्या चित्रपटाचे नायक, दोघे भाऊ, ऑपेरातले नट असले तरी तिथला ऑपेरा निव्वळ रंगीत पडदा आहे. नटांऐवजी दोघे भाऊ शिंपी दाखवले असते तरी काही बिघडलं नसतं म्हणे.

आधी सनावळी उरकू. ब्रूस लीचा 'द बिग बॉस' १९७१चा. चांग चेहचा 'व्हेंजन्स' त्याच्या आदल्या वर्षीचा, आणि त्याच दिग्दर्शकाचा 'वन आर्म्ड स्वोर्ड्समन' १९६७चा. त्याच्याही मागे जायचं तर १९४९पासून वाँग फेई-हुंग या नामांकित चिनी कुंग-फू उस्तादावरच्या चित्रपटांची मालिका सुरू होती. त्यांत सत्तरहून अधिक वेळा ती भूमिका करणारे क्वान ताक-हिंग हे कँटनी, म्हणजे दक्षिण चीनमधल्या, ऑपेराचेच नट.

खुद्द ब्रूस लीच्या घरातही ऑपेराच होता. त्याचे वडील ली होई-चुएन कँटनी ऑपेराचे नावाजलेले विनोदी नट. ते अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना १९४०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ब्रूसचा जन्म झाला. 'द बिग बॉस'मधल्या मारामाऱ्या बसवल्या हान यिंग-जिए यांनी, आणि त्यातला खलनायक बॉसही त्यांनीच केला. हानही ऑपेराच्याच तालमीतले. 'एंटर द ड्रॅगन'मध्ये हवेत उलटी कोलांटी मारून प्रतिस्पर्ध्याला लाथ हाणणारा देह ब्रूस लीचा नाही, युएन वाह यांचा आहे. हे हाँगकाँगच्या यू जिम-युएन यांच्या ऑपेरा शाळेचे विद्यार्थी. पुढे मारधाडपटांचे तारे झालेले जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन बियाओ हेही तिथलेच. तेव्हा ब्रूस लीने ऑपेराला हाकललं असं म्हणणाऱ्याने निदान त्याच्या चित्रपटांची श्रेयनामावली तरी पाहावी. ब्रूस लीने पडद्यावरच्या मारामारीचा वेग आणि नूर बदलला, यात शंका नाही. पण ज्यांच्या अंगावर तो वेग तोलला गेला ती माणसं कुठून आली, हा प्रश्न उरतोच.

'लुटुपुटूचा नाच' या शेऱ्याबद्दल. पेकिंग ऑपेरात नटाला चार गोष्टी याव्या लागतात: गाणं, संवाद, अभिनय आणि लढणं. लढण्याचं शिक्षण कोवळ्या वयात सुरू होतं. पाय ताणणं, हातांवर उभं राहणं, कोलांट्या, भाल्या-तलवारींची फेकाफेक, आणि जुन्या शाळांत चुकलं की छडी. ही मारामारी आधी बसवलेली असते हे खरंच. सिनेमातली नसते काय? कॅमेऱ्यासमोर कोणी कोणाला खरोखर मारत नाही. पडायचं कसं, समोरच्याचा वार अंगावर कसा घ्यायचा, ताल कुठे तोडायचा, ही विद्या जिथे पिढ्यान्‌पिढ्या घोटली जात होती तिथूनच चित्रपटवाल्यांनी माणसं उचलली. दिग्दर्शक किंग हूच्या 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये (१९६६) खाणावळीतला तणाव चढत जातो तो ऑपेराच्या ठेक्यावर. त्या मारामाऱ्याही हान यांच्याच.

आता मुख्य मुद्दा, शोभेचा. 'व्हेंजन्स'मध्ये टी लुंग थोरला भाऊ, डेव्हिड चियांग धाकटा. काळ १९२०च्या दशकातला, प्रांतोप्रांती लष्करी सरदारांची सत्ता असलेल्या चीनमधला. थोरल्याच्या बायकोवर एका आखाडेवाल्याची नजर असते. थोरला त्याच्या आखाड्यात जाऊन राडा करतो आणि मग चहाच्या दुकानात घेरून थोरल्याला ठार मारतात. चित्रपटात आधी तो रंगमंचावर जे नाटक करतो त्यात तांग राजवटीच्या सेनेचा तरुण सेनापती लुओ तुंग आहे. त्याचं पोट फाटतं, आतडी बाहेर येतात, तो ती कमरेला गुंडाळतो आणि लढत राहतो. चहाच्या दुकानातल्या खुनात चांग चेह हेच दृश्य मध्ये मध्ये पेरतो. इकडे खरं रक्त, तिकडे रंगवलेला चेहरा आणि पाठीवरची निशाणं. दोन्हीकडे तोच माणूस संथ गतीत कोसळतो. हा शिंपी असता तर दिग्दर्शकाने मध्ये काय दाखवलं असतं, बटणं? (गंमत म्हणजे टी लुंग अभिनयात येण्याआधी खरोखरच शिंपीकाम करत होता.)

शिवाय नटाची सामाजिक जागा. चीनच्या शेवटच्या, चिंग राजवटीत नट हलक्या दर्जाचे मानले जात, त्यांना सरकारी परीक्षेला बसायलाही बंदी होती. राजवट १९१२मध्ये गेली, लोकांची नजर लगेच बदलली नाही. अशा माणसाचा भाऊ मारला गेला आणि मारणाऱ्यांचं सत्तेशी साटंलोटं असलं तर दाद कुठे मागायची? धाकट्याचा सूड या कोंडीतून निघतो. शेवटच्या लढाईला तो पांढऱ्या कपड्यांत जातो, आणि चीनमध्ये पांढरा रंग सुतकाचा.

एक मात्र मान्य करायला हवं. डेव्हिड चियांग ऑपेरा शाळेचा नव्हे, तो स्टंटमनचा नट झाला. आणि त्याच्या मारामाऱ्यांत कोलांट्या कमी, सुरा जास्त. चांग चेहने ऑपेरातून कसरती घेतल्या नाहीत, मरणाचा विधी घेतला. त्याची किंमत बायकांच्या पात्रांनी मोजली: थोरल्याची बायको कथेला ढकलण्यापुरतीच आहे, आणि धाकट्याची प्रेयसी वाट पाहण्यापुरती. टीकाच करायची तर ती इथे करावी.