निलगिरीच्या बाटलीचे झाकण

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका उच्चशिक्षित गृहस्थांनी लहान मुलांच्या सर्दीवर मधातून निलगिरी तेलाचे दोन थेंब चाटवण्याचा सल्ला दिला आणि त्याखाली हात जोडलेल्या खुणांची रांग लागली. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ अशी ग्वाहीही होती. धोतराही नैसर्गिकच असतो.

माझ्या भाचीचा मुलगा दीड वर्षाचा असताना त्याने वाफाऱ्यासाठी काढलेली निलगिरीची बाटली तोंडाला लावली. आधी ठसका लागला, मग उलटी झाली आणि थोड्याच वेळात पोर ग्लानीत गेले. पोटात किती गेले, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता आणि त्याचे उत्तर कोणापाशीच नव्हते, कारण उरलेले तेल चादरीत मुरले होते. या तेलाने लहान मुलांना ग्लानी येते, झटकेही येऊ शकतात आणि त्यासाठी बाटलीभर तेल लागत नाही. कापराचेही तेच आहे, आणि आपण तो देवघरात प्रसादाच्या खडीसाखरेशेजारी ठेवतो! सांधेदुखीवर चोळायच्या गंधपुरा तेलाच्या एका चमच्यात तर ॲस्पिरिनच्या वीसेक गोळ्यांइतके सॅलिसिलेट असते.

मुलांकडे लक्ष ठेवणे आईवडिलांचे काम आहे, हे मान्य. पण भाची त्याच खोलीत होती, फक्त पातेले उचलायला वळली होती. ते झाकण साधे, फिरकीचे होते आणि पोराने ते सहज काढले, हे आठवले की माझा राग तिच्यावरून उडून बाटली विकणाऱ्यांवर जातो. मुलांना सहज उघडता येणार नाहीत अशा झाकणांसाठी अमेरिकेत १९७० साली कायदा झाला आणि पाच टक्क्यांहून अधिक मिथाइल सॅलिसिलेट (गंधपुरा तेलातले तेच सॅलिसिलेट) असलेल्या द्रव औषधांना तिथे दाबून फिरवायचे झाकण किंवा तसेच काही लावावे लागते. साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या किमान ८५ टक्के मुलांना ते पहिल्या पाच मिनिटांत उघडता येता कामा नये, अशी त्याची चाचणी असते. आजीच्या दुखऱ्या बोटांना असे झाकण जड जाते, ही तक्रार खोटी नाही. म्हणूनच ५० ते ७० वर्षांच्या किमान ९० टक्के माणसांना ते उघडता आले पाहिजे, अशीही अट आहे. बाटली चार रुपयांनी महागेल म्हणता? महागू द्या.

त्या गृहस्थांवर मी सकाळी फार चिडलो होतो, पण त्यांचा हेतू वाईट नसावा. भाचीच्या सासूबाईंचाही नव्हता; त्या मिठाचे पाणी पाजून पोराला ओकायला लावणार होत्या, शेजारणीने त्यांचा हात धरला. तेल पोटात गेल्यावर मुद्दाम उलटी करवू नये, कारण ते फुप्फुसात उतरू शकते. मूल शुद्धीत असो वा नसो, बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तो मी त्याच ग्रुपवर, त्याच सल्ल्याखाली टाकला आहे.