नॅपकिनवरची रेघ

राज्याचा आयकर कापावा असं मनात आलं असेल, तर आधी राज्य नीट निवडा. महाराष्ट्रात बसून हा नाद करू नका. इथं आयकर घेतं केंद्र. राज्य पगारातून थेट कापतं तो व्यवसाय कर, वर्षाकाठी फार तर २,५०० रुपये. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. त्यात कापून कापणार किती? फेब्रुवारीचे ते जादा शंभर माफ केलेत म्हणून कुणी हार घेऊन यायचं नाही. तुम्ही अमेरिकेत जा. तिथं बहुतेक राज्यं आपापला आयकर वेगळा लावतात. शिवाय तिथला गव्हर्नर म्हणजे आपले राज्यपाल नव्हेत. तो निवडून येतो आणि राज्य चालवतो. तेव्हा गव्हर्नर व्हा, आणि कॅन्ससचेच व्हा. तिथले माजी गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी सगळं करून ठेवलंय, तुम्ही नुसतं गिरवा.

पहिल्यांदा अर्थतज्ज्ञ गाठा. आर्थर लॅफर मिळाले तर सोन्याहून पिवळं. १९७४ साली वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात त्यांनी नॅपकिनवर एक वाकडी रेघ काढली म्हणतात: कर फारच चढवला की लोक कमवायचा कंटाळा करतात आणि तिजोरी उलट आटते. यात खोटं काही नाही. आपलं राज्य त्या रेघेवर नेमकं कुठं उभं आहे, हे मात्र नॅपकिनवर लिहिलेलं नसतं. ते विचारू नका, जेवणाची मजा जाते. कॅन्ससनं सल्ल्यापोटी त्यांना ७५,००० डॉलर दिले.

मग २०१२ सालासारखा कायदा करा. वरचा दर ६.४५ टक्क्यांवरून ४.९ वर आणा आणि पुढं हळूहळू शून्याकडं जायचं जाहीर करा. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची छोटी कंपनी), भागीदारी, शेती, एकट्याचं दुकान, या सगळ्यांच्या नफ्यावरचा राज्याचा आयकर सरसकट माफ करा. हे म्हणजे अर्थव्यवस्थेच्या काळजात अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, असं ब्राउनबॅक म्हणाले होते. पेशंट सर्दीसाठी आला होता की काय, हा प्रश्न विरोधकांचा. तुम्ही सुई टोचा.

गव्हर्नर होणं नाहीच जमलं, तर साधे कॅन्ससकर व्हा. फक्त पगारदार राहण्याचा गाढवपणा करू नका. समजा, विचिटात तुमचं प्लंबिंगचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकाच्या सिंकखाली पालथा पडून पाना फिरवणारा पोरगा तुमच्याकडं पगारावर आहे. त्याच्या पगारातून राज्याचा कर कापला जाणार. त्याच सिंकवर सुटलेला तुमचा नफा मात्र स्वच्छ, धुतल्या भांड्यासारखा. पोराला वाईट वाटलं तर सांगा, तूही एलएलसी हो. तसे पुष्कळ झालेही असावेत. सवलत १,९१,००० धंद्यांना लागू होईल असा अंदाज होता, घेणारे निघाले सव्वातीन लाखांहून जास्त. याला म्हणतात उद्योजकतेला धुमारे फुटणं!

आता तिजोरीला भोक पडेल. कॅन्ससला पुढच्या एका आर्थिक वर्षात सुमारे ७० कोटी डॉलरचं पडलं. घाबरू नका, ठिगळं हाताशी असतात. रस्त्यांचा निधी असतो, त्यातून उचला. खड्डे काही लगेच बोलत नाहीत. शाळा काही दिवस आधी बंद करता येतात. २०१५ च्या उन्हाळ्याआधी तिथल्या काही शालेय जिल्ह्यांनी तेच केलं, पोरं खूश. आणि विक्रीकर आहेच. त्याच वर्षी तो ६.१५ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, आणि तो दूध, अंडी, पाव यांच्यावरसुद्धा. तेव्हा शंभर डॉलरचा किराणा घेतला की पावतीच्या खाली राज्याचे साडेसहा डॉलर, वर गावाचे वेगळे. यात समता बघा: सिंकखालच्या पोराला आणि तुम्हाला अंड्यावर अगदी सारखाच कर. गरिबांना या किराण्याच्या कराचा परतावा मिळायचा, तो २०१२ च्याच कायद्यात काढून टाकला होता. एकदा कात्री हातात घेतली की जे समोर येईल ते कापावं.

एक पथ्य कटाक्षानं पाळा: आपल्याच पक्षाच्या आमदारांपासून सावध राहा. ब्राउनबॅक रिपब्लिकन, दोन्ही सभागृहांत बहुमत रिपब्लिकनांचं, तरी २०१७ च्या जूनमध्ये त्यांचा व्हेटो झुगारून विधिमंडळानं कपात मागं घेतली आणि धंद्यांची माफीही रद्द केली. असं झालं तर खचू नका. ब्राउनबॅक २०१८ च्या सुरुवातीला वॉशिंग्टनला गेले, जगभरच्या धार्मिक स्वातंत्र्याचे राजदूत म्हणून. श्रद्धेशी ओळख जुनीच होती.

आणि नॅपकिन टाकून देऊ नका. २०२५ साली त्याच कॅन्ससच्या विधिमंडळानं, या खेपेला डेमोक्रॅट गव्हर्नरचा व्हेटो झुगारून, दर टप्प्याटप्प्यानं ४ टक्क्यांवर न्यायचा कायदा केलाय. धुवा, इस्त्री करा, घडी घालून खिशात ठेवा.