दीडशे कॉम्प्युटर, एक पासवर्ड

भाऊ, ऑडिटवाला 'अ‍ॅडमिन पासवर्ड बदला' असा शेरा मारून गेला ना? घाबरू नका. नागपूरच्या मे महिन्यात दीडशे पीसींसाठी जिने चढायचं काम नाही. कूलरसमोर बसल्या बसल्या सगळं होतं.

आधी सगळ्या मशीनना मिळून एकच पासवर्ड ठरवा. 'ऑरेंज@२०२५' चालेल, ओ तेवढा कॅपिटल, म्हणजे पॉलिसीही खूश. वेगवेगळे ठेवले तर चोराची किती पंचाईत! आता एका पीसीतला हॅश, म्हणजे विंडोजने पासवर्डऐवजी साठवलेला त्याचा ठसा, हाती लागला की त्याला पासवर्ड फोडावाही लागत नाही. तोच हॅश पुढे करून तो उरलेल्या एकशे एकोणपन्नासांत शिरतो.

मग 'नेट यूजर' या पासवर्ड बदलणाऱ्या विंडोज कमांडची एक ओळ बॅच फाइलीत लिहा, पासवर्डसकट, आणि पीसी सुरू होताना चालणारी स्टार्टअप स्क्रिप्ट म्हणून सिसव्हॉल या सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये टाका. डोमेनचं, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कचं, लॉगिन असलेला कोणीही ते फोल्डर वाचू शकतो, काल लागलेला ट्रेनीसुद्धा. माहितीचा अधिकार आणखी काय असतो?

उघडा पासवर्ड बरा दिसत नाही म्हणता? मग ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेस, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्या पीसींची सेटिंग बदलायची विंडोजची पद्धत. त्यात तो २५६ बिट एईएसने एन्क्रिप्ट होऊन बसायचा, आणि त्याची किल्ली मायक्रोसॉफ्टने स्वतःच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये छापली होती. २०१४ च्या पॅचने त्यात पासवर्ड ठेवायची सोय बंद केली, पण पासवर्ड असलेल्या आधीच्या एक्सएमएल फाइली काही पुसल्या नाहीत. तुमच्याकडची असेल अजून. राहू द्या, वारसा आहे.

स्टोअरमधला पीसी बंदच पडून आहे, त्यामुळे त्यावर स्क्रिप्ट चाललीच नाही? अहवालात 'काम पूर्ण' लिहा. त्याचा जुना पासवर्ड कोणता, हे पुढच्या माणसाने शोधावं. त्यालाही काम हवंच.

कोणी लॅप्स हे मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅडमिन पासवर्ड सांभाळणारं साधन सुचवेल. २०१५ पासून फुकट, एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून तर विंडोजमध्येच. प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड, न सांगता दर ३० दिवसांनी बदलणारा, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या खातेवहीत, ठेवलेला आणि परवानगी असलेल्यालाच दिसणारा. ऐकू नका बाप्पा! पासवर्ड आपोआप बदलायला लागले तर तुम्हाला तर्री पोहे कोण खाऊ घालेल?

झालं की नवा पासवर्ड ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. गेल्या वर्षी नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या पोराला ग्रुपमधून काढायचं राहूनच गेलंय. सगळ्यात आधी 'ओके सर' त्याचंच येईल.