७५ टक्के नाहीत म्हणून ऑनर्स नाही, असं काही नाहीये

स्टुडंट्सच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय, ७५ टक्के नसतील तर डिग्रीचं चौथं वर्ष विसरा, ऑनर्स (म्हणजे चार वर्षांची डिग्री) मिळणारच नाही. हे साफ चुकीचं आहे. काल भाची ६८ टक्क्यांची मार्कशीट घेऊन रडवेली बसली होती म्हणून लिहितेय. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या डिग्री अभ्यासक्रमांच्या आराखड्यात ७५ ची अट आहे ती फक्त 'ऑनर्स विथ रिसर्च'ला, पहिल्या सहा सेमिस्टरच्या मार्कांवर, कारण तिथे चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट असतो. नुसतं ऑनर्स घेतलं तर प्रोजेक्टऐवजी जादा पेपर, डिग्रीवर ऑनर्स लागतंच. आणि हो, तीन वर्षांवर थांबलात तरी डिग्री मिळतेच, मग एमए दोन वर्षांचं, ऑनर्सनंतर मात्र एका वर्षात होऊ शकतं. भाचीला सांगितलंय, फॉर्म भर.